गोड बोलणारं गिऱ्हाईक

जगातल्या कुठल्याही माणसाला कुठलीही वस्तू विकू शकेल असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. बहरीनला वर्षातून जेमतेम चार दिवस पाऊस पडतो, तोही पडल्यासारखं करतो. त्या मुलुखात आतोबांनी छत्र्या विकल्या होत्या. ऐन जूनमध्ये, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, त्यांनी एका सुदानी मास्तरांच्या गळ्यात खोली गरम करायचा हीटर मारला होता, आणि ते मास्तर जानेवारीत मुद्दाम आभार मानायला आले होते. कानांनी अधू असलेल्या एका बलुची आजोबांना त्यांनी दोन कॅसेटचा भलामोठा टेपरेकॉर्डर दिला. मी म्हटलं, "आतोबा, त्यांना ऐकू येत नाही हो!" तर म्हणाले, "त्यांका नसात येणा, शेजाऱ्यांका येता मां? घरात गाणी आसत ह्या शेजाऱ्यांका कळाक नको?" आजोबा पुढच्या महिन्यात आणखी मोठा टेपरेकॉर्डर आहे का, असं विचारायला आले.

मी बहरीनला गेलो तो ऐंशी सालच्या आगेमागे, एका कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून. माझा व्हिसा आतोबांनीच मिळवला होता. म्हणजे त्यांनी त्या कंत्राटदाराला आधी रंगीत टीव्ही विकला, मग त्यावरची अँटेना विकली आणि शेवटी मला विकलं. विमानतळावर ते मला घ्यायला आले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कानामागे अत्तर. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "माल बरो आसा. पॅकिंग जरा सैल आसा." पॅकिंग म्हणजे माझा शर्ट. तो माझ्या वडिलांचा होता.

मनामाच्या बाजारात एका अरबाबाचं, म्हणजे तिकडच्या शेठचं, रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं, तिथे आतोबा काउंटरवर असत. राहायला आम्ही गुदैबियात, एका जुन्या इमारतीत, दोन खोल्यांत पाच जण. त्यांतल्या एका खोलीवर आतोबांच्या थर्मोकोलचं राज्य होतं. विकलेल्या प्रत्येक यंत्राच्या खोक्यातला थर्मोकोल ते घरी आणत. उशाला थर्मोकोल, पाण्याच्या माठाखाली थर्मोकोल, भिंतीवर थर्मोकोलची फळी आणि फळीवर देव. गणपतीत मखरही त्याचंच. एका वर्षी मखराच्या बरोब्बर माथ्यावर वर दाखवणारा बाण आणि 'ही बाजू वर' असा इंग्रजी छाप आला. मी तो कापायला निघालो तर आतोबांनी हात धरला. "रवांदे. बाण देवाकडेच दाखवता मां?" नवं यंत्र दुकानात आलं की त्याचं माहितीपुस्तक ते घरी आणून, आंघोळ करून, पहिल्या पानावरच्या धोक्याच्या सूचनांपासून शेवटच्या पानावरच्या आभारापर्यंत वाचत. मधली पानं अरबीत असली तर तीही नुसती बघून उलटत. पान चुकवलं की यंत्र रुसतं, अशी त्यांची समजूत होती.

धंद्यात त्यांचा नियम एकच. "भांडता ता गिऱ्हाईक आपला. गोड बोलता ता गेला, समजलंस?" गिऱ्हाईक किमतीवरून हुज्जत घालू लागलं, यंत्राला नावं ठेवू लागलं, पाय आपटत दारापर्यंत गेलं, की आतोबांचा चेहरा खुलत असे. आता ते कुठे जात नाही, हे त्यांना ठाऊक असायचं. पण एखादा हसून "फार छान आहे, येतो पुन्हा" म्हणाला की ते फडकं उचलून काच पुसायला लागत. "परक्यावांगडा माणूस गोड बोलता. भांडता ता आपल्या माणसावांगडाच." मासळीबाजारात एका बहरीनी मासेवाल्याशी त्यांचं दहा वर्षं दर शुक्रवारी कडाक्याचं भांडण होत होतं. हामूर ताजा की शिळा, हा विषय. एकदा आतोबा टायफॉइडने पंधरा दिवस अंथरुणाला खिळले, तर तो मासेवाला पत्ता शोधत गुदैबियात आला. हातात हामूर, आणि दारातूनच भांडायला सुरुवात. आतोबा भिंतीला धरून उठले आणि त्या माशाचे कल्ले तपासून "शिळो आसा" म्हणाले. संध्याकाळी त्यांनी दोन वाट्या पेज मागून घेतली.

माझ्याशीही त्यांचं रोज वाजत असे. आमटीतल्या मिठावरून, नळ उघडा राहिल्यावरून, मी लुंगी कशी वाळत घालतो त्यावरून. ते चुकून माझ्याशी नीट बोलले तर मला दिवसभर चैन पडत नसे.

एकच जागा अशी होती जिथे हा माणूस हरून यायचा, आणि ते त्याचं स्वतःचं घर होतं. दर दोन वर्षांनी त्यांना दोन महिन्यांची सुट्टी मिळे. एका वर्षी आमच्या सुट्ट्या जुळल्या, मी त्यांच्याबरोबर देवगडकडच्या त्यांच्या गावी गेलो आणि त्यांना हरताना डोळ्यांनी पाहिलं. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी आतेबहीण बेबी, तेव्हा आठ वर्षांची होती. आठ वर्षांत तिने बाप एकूण आठ महिने पाहिला होता. आमची गाडी वाडीत शिरली तेव्हा ती पडवीत चार मुलींबरोबर सागरगोटे खेळत होती आणि तिचा आवाज थेट रस्त्यापर्यंत येत होता, "हललो! हललो! तुझो डाव गेलो! रडी खाव नको!" गाडीतून आतोबा उतरले आणि तो आवाज विझला. मुलीने सागरगोटे ओच्यात लपवले, आत गेली आणि पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. "बाबा, आपला प्रवास सुखाचा झाला का?" शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांशी बोलतात ती भाषा. आईशी मालवणी, काकाशी मालवणी, गोठ्यातल्या म्हशीशीही मालवणी, आणि बापाशी पुस्तकातली.

त्या वर्षी आतोबांनी तिच्यासाठी अमेरिकन टीव्ही गेम आणला होता. काळा खोका, त्याला लाकडी नक्षीची पट्टी, दांडा आणि दांड्याशेजारी लाल बटण. तो चालवायला टीव्हीही आणला होता. गावात तोवर टीव्हीवर दुसरं काही दिसत नसे, त्यामुळे टीव्ही म्हणजे दोन काठ्या आणि मधे उडणारा ठिपका, अशीच वाडीची समजूत झाली. शेजारची एक म्हातारी तासभर बघून म्हणाली, "बरो आसा. पण ह्यो पिक्चर संपतलो कधी?" बेबीला आतोबांनी समोर बसवलं. पाठ ताठ करून, सांगितलं तेव्हा दांडा फिरवत आणि सांगितलं तेव्हा बटण दाबत ती अर्धा तास खेळली. मग हात जोडून म्हणाली, "खूप छान आहे, बाबा. धन्यवाद." दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोका काचेच्या कपाटात होता. वर विणलेला रुमाल घातलेला. शेजारी बोलणारी बाहुली, चालणारा कुत्रा, बोटभर पट्ट्यांची पेटी, मागच्या सगळ्या सुट्ट्या ओळीने मांडलेल्या, प्लास्टिकसकट. आणि पडवीतून ओरडण्याचा आवाज येत होता. परतीच्या विमानात आतोबा एवढंच बोलले, "पोर गुणी आसा. वस्तू जपता." त्यानंतर बहरीन येईपर्यंत ते कुणाशीही भांडले नाहीत. हवाई सुंदरीने त्यांच्या पँटवर चहा सांडला, तरीसुद्धा.

आम्ही परतलो त्याच्या पुढच्या वर्षी अस्करच्या बाजूला, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात, नवी यंत्रं बसवायला जपानी इंजिनीयरांची एक तुकडी आली. दर गुरुवारी संध्याकाळी एक मिनीबस त्यांना मनामाच्या बाजारात सोडत असे. त्यांतले एक वयस्क साहेब, पांढरे बारीक केस, खिशात घडीची मोजपट्टी, सरळ आतोबांच्या दुकानात येत. अमेरिकन टीव्ही गेम दुकानात मांडलेला असे. तो तोवर बहरीनींनी घेतला होता, मलबाऱ्यांनी घेतला होता, इंग्रजांनी तर दोन-दोन घेतले होते. जपानी साहेब दांडा हातात धरत, आणि काय खेळत! दुकानातली माणसं खरेदी सोडून बघत राहायची. मग दांडा होता तसा जागेवर ठेवून ते हसत, कमरेतून वाकत, "व्हेरी गुड मशीन. थँक यू व्हेरी मच," म्हणत आणि निघून जात. पहिल्या गुरुवारी आतोबांनी हसून सोडून दिलं. तिसऱ्या गुरुवारी घरी येऊन चपला भिरकावल्या. "इलो, खेळलो, हसलो, वाकलो, आणि गेलो!"

अरबाबाला त्याचं काहीच नव्हतं. तो "माफी मुश्किल" (काही हरकत नाही) म्हणत खजूर खात बसे. आतोबांच्या मात्र ते डोक्यातच बसलं. हा माणूस हे यंत्र का घेत नाही? आधी त्यांना वाटलं, दांडा अमेरिकन पंजाच्या मापाचा आहे आणि ताठ आहे, म्हणून त्यांनी त्याच्या बुडाला खोबरेल तेल घातलं. ऐन रंगात दांडा साहेबांच्या हातातून निसटला. साहेबांनी रुमालाने आधी दांडा पुसला, मग हात पुसले आणि वाकले. मग कुणीतरी सांगितलं की जपानी माणसं जमिनीवर बसतात. झालं, पुढच्या गुरुवारी दुकानाच्या मधोमध चटई आणि टीव्ही खाली. साहेबांनी बूट काढले, मांडी घातली, खेळले, उठले, चटईची व्यवस्थित घडी घालून आतोबांच्या हातात दिली आणि वाकले. त्यांची घरं लहान असतात म्हणून हा खोका खाटेखाली कसा मावतो, हे आतोबांनी स्वतः काउंटरखाली शिरून दाखवलं. तिथून त्यांना बाहेर काढायला मी आणि अरबाब, दोघे लागलो. तिकडची वीज वेगळी म्हणून त्यांनी एक ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला. स्फोटांचा आवाज कमी केला. शेवटी खोका सोनेरी कागदात बांधून त्याला लाल फीत लावली. साहेबांना ती गाठ इतकी आवडली की त्यांनी ती सोडवून, पुन्हा बांधून, पुन्हा सोडवून पाहिली. आणि वाकले.

मी एकदा म्हटलं, "आतोबा, एका जपान्याने नाही घेतलं म्हणून काय बिघडलं?"

ते काच पुसत होते. फडकं थांबलं. "तुका नाय कळूचा. मी चांगली वस्तू देतंय. मायेन देतंय. आणि समोरचा माणूस थँक यू म्हणता. मगे माझी चूक खंय आसा, ता माका कळाक नको?"

ते जपान्याबद्दल बोलत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. काचेच्या कपाटाबद्दल बोलत होते. मला फार वाईट वाटलं, आणि ते कसं बोलून दाखवायचं हे न कळल्यामुळे मी लुंगीवरून भांडण उकरून काढलं.

पुढच्या गुरुवारी आतोबांनी सगळे उपाय बाजूला ठेवले. साहेबांना स्टूल दिलं, सुलेमानी चहा मागवला आणि सरळ विचारलं. त्यांचं इंग्रजी आणि साहेबांचं इंग्रजी यांची एकमेकांशी ओळख नव्हती. दोघांमध्ये मी बसलो. साहेबांनी चहाचा ग्लास काउंटरवर ठेवला. मग त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते असं. त्यांना नऊ वर्षांची मुलगी होती. ते कायम कुठल्या ना कुठल्या देशात यंत्रं बसवत असत. आधीच्या एका कामावरून परतताना त्यांनी तिला हाच अमेरिकन गेम नेला होता. मुलीने वाकून आभार मानले आणि तो नीट जपून ठेवला. पुढे तिकडेच बनलेला एक लहानसा गेम निघाला. गल्लीतल्या एका घरात आला, मग शेजारच्या घरात, मग सगळ्या गल्लीत. पोरं त्यातल्या खेळांच्या कॅसेटची अदलाबदल करतात, कुठे अडलं तर एकमेकांना युक्त्या सांगतात, भांडतात, रुसतात. "माझ्या गेममध्ये ती अडली तर विचारणार कुणाला?" साहेब म्हणाले. "शेजारी तो कुणाकडेच नाही. मशीन फार चांगलं आहे. पण ते मी आणलेलं आहे. त्यांचं नाही." एवढं बोलून त्यांनी, इतकं बोलल्याबद्दल, माफी मागितली.

साहेब गेल्यावर आतोबा त्यांच्या स्टुलावर बसले. अरबाबाने "यल्ला, चला, बंद करू" म्हटलं तरी उठले नाहीत. मग मला म्हणाले, "खेळ खोक्यात नसता रे. शेजारच्या घरात असता." आणि थोड्या वेळाने, "बेबी काय खेळता?"

"सागरगोटे."

"कसे खेळतत?"

एका बापाने आपल्या मुलीचा खेळ मला विचारावा, याचं मला आलेलं हसू मी गिळलं. मी सांगितलं. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा, मग दोन, मग तीन. शेजारचा हलला की डाव गेला. शेवटी पाचही पालथ्या हातावर झेलायचे.

त्यांनी आत्याला पत्र टाकलं, 'पाच सागरगोटे पाठवणे.' कारण लिहिलं नाही. आता आमच्याकडे सागरगोटा औषधालाही वापरतात, ताप-पोटदुखीवर उगाळून देतात. आत्या हबकली. गावचा एक माणूस बहरीनला येत होता, त्याच्याबरोबर तिने तातडीने पाच सागरगोटे धाडले, सोबत एक सहाण, मधाची बाटली आणि मला वेगळी चिठ्ठी: 'ह्यांच्या पोटाचं नक्की काय झालंय ते खरं कळव.' मी कळवलं की पोट ठीक आहे, खेळायला हवेत. त्यावर आत्याचा माझ्यावरचाही विश्वास उडाला.

आतोबांचा सराव सुरू झाला. चटई अंथरून दुकानात, गिऱ्हाईक नसताना, आणि असतानासुद्धा. ज्या माणसाने जिभेवर जगातला सगळा माल तोलला होता त्याची बोटं मात्र भलतीच जड निघाली. सागरगोटे फ्रीजखाली जायचे, गिऱ्हाइकाच्या पायाला लागायचे, एकदा तर एक विकलेल्या टेपरेकॉर्डरच्या पिशवीत गेला आणि मला तो परत आणायला थेट सनाबिसपर्यंत जावं लागलं.

अशाच एका गुरुवारी जपानी साहेब आले. टीव्ही गेमकडे त्यांनी पाहिलंही नाही. चटईपाशी थांबले. खिशातली मोजपट्टी काढून काउंटरवर ठेवली, बूट काढले आणि आतोबांसमोर बसले. एक सागरगोटा वर गेला, आणि त्या पांढऱ्या केसांच्या माणसाचा हात काय चालला! त्यांच्याकडे लाल डाळ भरलेल्या कापडी पिशव्या घेऊन असंच काहीतरी खेळतात. त्यांना ते थोरल्या बहिणीने शिकवलं होतं. आतोबांनी डाव मांडला. अरबाब आला, आपला पांढराशुभ्र झब्बा सावरत तोही टेकला, आणि आपल्या बहिणी खड्यांनी हेच खेळायच्या, असं सांगत पंच होऊन बसला.

तिसऱ्या डावात आतोबा दोन सागरगोटे उचलत असताना त्यांच्या करंगळीचा धक्का तिसऱ्याला लागला. साहेबांनी त्यांचं मनगटच धरलं. "नो! नो! धिस मूव्ह!"

"नाय हललो!" आतोबा ओरडले.

"मूव्ह!"

"नाय हललो म्हणतंय मां!"

पाच मिनिटं दोघे आपापल्या भाषेत कडकडून भांडले. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता, वाकण्याबिकण्याचं नाव नव्हतं. शेवटी अरबाबाने हात आडवा करून "खलास!" म्हणत निकाल दिला की हलला. आतोबा माझ्याकडे वळले. डाव गेलेल्या माणसाचा असा आनंदी चेहरा मी पाहिलेला नाही. "भांडलो रे! माझ्यावांगडा भांडलो!"

मी म्हटलं, "मग आता गिऱ्हाईक तुमचं झालं. विका गेम!"

"खयचो गेम?" आतोबा म्हणाले. ते खरोखरच विसरले होते.

काम संपून साहेब परत जायला निघाले तेव्हा आतोबांनी ते पाचही सागरगोटे त्यांच्या शर्टाच्या खिशात घातले, मोजपट्टीशेजारी. साहेबांनी किंमत विचारली. आतोबांनी हात हलवला. दुकानातून कुणी काही फुकट नेलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. स्वतःसाठी त्यांनी पुन्हा पाच मागवले. आत्याचं उत्तर आलं, 'आधीचे संपले का? इतके घेऊ नयेत, उष्ण पडतात.'

पुढच्या सुट्टीला आतोबा निघाले ते खोक्याशिवाय. एक पिशवी, बस्स. गुदैबियात बातमी पसरली की नोकरी गेली. मुंबईच्या विमानतळावर तर गल्फहून येणारा माणूस रिकाम्या हाताने आलेला बघून कस्टमच्या साहेबाने पिशवी उलटी केली. त्यातून पाच सागरगोटे निघाले. "हे काय?" "माल," आतोबा म्हणाले.

दोन महिन्यांनी मी त्यांना घ्यायला विमानतळावर गेलो. या खेपेला मी बरोबर गेलो नव्हतो आणि मला दम निघत नव्हता. टॅक्सी मुहर्रकच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी खिडकीची काच वर केली. मग बोलायला लागले. पहिले तीन दिवस तेच, बाबा आपण चहा घेणार का. चौथ्या दिवशी ते पडवीच्या टोकाला एकटेच सागरगोटे घेऊन बसले. मुली तोंडावर हात धरून हसल्या. बेबी लाजेने लाल झाली. पाचव्या दिवशी तिला ते बघवेना. "असां नाय! हात पालथो करा, पालथो!" सहाव्या दिवशी ते तिच्या डावात होते.

"आणि मग?" मी विचारलं.

"मगे एके दिवशी मी एक हलवलंय."

"चुकून?"

"मुद्दाम." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "तां माझ्या अंगार धावान इला रे. 'बाबा, ह्यो रडीचो डाव! रडी खातास!' सगळ्या वाडीदेखत माका लबाड म्हणाला. दीड दिवस माझ्याकडे बोलाक नाय." चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा तेच म्हणाले, एखादं पदक दाखवावं तसे, "दीड दिवस!"

बेबी तेव्हा दहा वर्षांची होती. पुढच्या सुट्टीपर्यंत तिचे सागरगोटे सुटले, मुलींचे सुटतातच. पण भांडण सुटलं नाही. ती पत्रातून भांडू लागली. शिक्षणावरून, चष्म्याच्या फ्रेमवरून, तुम्ही आईला असं का लिहिलंत यावरून. ती पत्रं आतोबा गुदैबियाच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवत आणि मधेमधे थांबून म्हणत, "बघा, काय बोलता माका!" ते दशक संपता संपता ते कायमचे गावी परतले. त्यानंतर आत्याची तक्रार एकच, बापलेक एकत्र आले की घरात कुणाला झोप म्हणून नाही.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आजारी आहेत म्हणून कळल्यावर मी गावी गेलो होतो. दुपारची वेळ होती, ते माजघरात खाटेवर पडले होते. मला पाहून हसले. "इलंस? बरा वाटला. उगीच तुका त्रास झालो." ते माझ्याशी गोड बोलत होते. मी मुद्दाम म्हटलं, "आतोबा, ते अमेरिकन गेम तुम्ही लोकांना फसवून विकलेत. एकदम टाकाऊ माल होता." ते पुन्हा हसले. "हां, बरोबर बोलतंस." मला तिथे उभं राहवेना. मी पडवीत आलो. बेबी चहा घेऊन आली. तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. खालच्या आवाजात म्हणाली, "दादा, कालपासून माका थँक यू म्हणतत."

चहाचा कप तिने माझ्या हातात दिला आणि ती सरळ आत गेली. खाटेशेजारी बसली. मग तिचा आवाज आला, तो मुलगी असतानाचा, थेट रस्त्यापर्यंत जाणारा. "बाबा, ह्यो रडीचो डाव हां! डाव अर्ध्यार टाकून जावचा नाय. तेव्हाचो सागरगोटो तुम्ही मुद्दाम हलवलास, माका ठावक आसा!"

मी चहाचा कप कठड्यावर ठेवला. मग आतोबांचा आवाज आला, अगदी बारीक, पण चिडलेला.

"नाय हललो."

चार दिवसांनी ते गेले. बेबी सांगते, शेवटपर्यंत त्यांनी ते कबूल केलं नाही.